मे महिन्यात बोलायला लागलेली माणसं

आमच्या सेंटरमध्ये फायली वर्षभर साठतात, किस्से मात्र एप्रिल-मेमध्येच. असं का होतं ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. आता वाटतं, एरवी माणसं आमच्याकडे घड्याळ बघत येतात. मुलाच्या अंगावर शाळेचा युनिफॉर्म, आईच्या खांद्याला ऑफिसची बॅग, गेटसमोर कशीबशी लावलेली स्कूटर. सेशन संपलं की पळाले. उन्हाळ्यात मात्र माणसं बसतात. बाहेर वसईचं घामट ऊन आणि आत आमचा एसी, हे त्यामागचं मोठं कारण आहे, ते मी नाकारत नाही. पण माणूस बसला की काही ना काही घडतं.

सेंटर म्हणजे फार काही नाही. वसई वेस्टला एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या आणि एक बाकडं. मी बोलण्याचं बघते, म्हणजे स्पीच थेरपी. सायली हाताबोटांचं बघते, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. मी शांत समजली जाते आणि सायली फटकळ. खरं तर उलट आहे, पण तिचा आवाज मोठा असल्यामुळे माझं निभावून जातं.

* * *

एप्रिल संपत आला की फोन सुरू होतात. "मॅडम, तुमच्याकडे समर व्हेकेशन कधीपासून?"

आम्ही शाळा नाही, हे सांगून सांगून मी थकले. शाळेला सुट्टी, ट्यूशनला सुट्टी, मग थेरपीलाही सुट्टी, असा एक हिशेब सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो. मूल महिना-दीड महिना गावाला जातं आणि जूनमध्ये परत येतं ते गुटगुटीत होऊन, उन्हात रापून, आणि मार्चमध्ये शिकवलेलं सगळं विसरून. मग आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

नायगावच्या एका टॉवरमधले ओमचे बाबा मला समजावत होते. "मॅडम, मुलाला पण ब्रेक पाहिजे ना. वर्षभर किती प्रेशर असतं."

ओम चार वर्षांचा. मी विचारलं, "घरी तो काय काय बोलतो?"

"तसं काही बोलत नाही अजून."

"मग ब्रेक कशातून घ्यायचाय?"

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, मी जास्त बोलले. पण दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "गावाला तर जावंच लागेल. आई वाट बघतेय. पण व्हिडिओ कॉलवर होईल का?"

* * *

त्यांचं गाव लांज्याकडे. घरात रेंज नाही, अंगणात नाही, रेंज फक्त वाडीच्या देवळासमोरच्या पारावर. त्यामुळे ओमची थेरपी पारावर सुरू झाली. पहिल्या दिवशी मी कॉल लावला आणि स्क्रीनवर ओम दिसायच्या आधी मला अख्खी वाडी दिसली. मुंबईच्या मॅडम मुलाला बोलायला शिकवणार, ही बातमी सगळीकडे पोचली होती.

मी हत्तीचं चित्र दाखवलं. "ओम, हा कोण?"

"हत्ती!" वाडी एका सुरात ओरडली.

मी मांजर दाखवलं. वाडीने मांजरही ओळखलं. एक आजी तर म्हणाल्या, "बाय माझे, ह्या आमका सगळा येता, पुढचा काढ." ओम मधे बसून टाळ्या वाजवत होता. त्याला बोलायची गरजच काय? त्याच्या वतीने बोलायला एवढी माणसं होती.

संध्याकाळी मी ओमच्या आजोबांना फोन केला. म्हटलं, "तुम्ही सगळे त्याच्यावर माया करता, म्हणून तो बोलत नाही. त्याला जरा अडू द्या." आजोबांनी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कॉल लावला. वाडी होतीच. पण आजोबा हातात काठी घेऊन पाराच्या कडेला उभे होते. मी हत्ती दाखवला. कोणी बोललं नाही. एका बाईने पदर तोंडात धरला होता. मी थांबले, ओम थांबला, मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती तेवढीच. ओमने या सगळ्या गप्प माणसांकडे एकदा पाहिलं. यांना काय झालंय, हत्ती कसा ओळखेनात, असं काहीतरी त्याला वाटलं असावं. मग त्याने त्यांना समजावल्यासारखं सांगितलं, "हत्ती."

वाडी तरीही बोलली नाही. आजोबांनी काठी खाली केली तेव्हा कुठे सगळे हसले. मी इकडे एकटी केबिनमध्ये डोळे पुसत होते आणि सायली दारातून विचारत होती, "कोण गेलं?"

* * *

आता डॉमनिक अंकलचं सांगते, कारण तो उन्हाळा खरा त्यांचा होता.

डॉमनिक अंकल आगाशीच्या अलीकडच्या एका आळीतले. घरची फुलांची वाडी. ऐन उमेदीत पहाटे मोगरा घेऊन दादरला जायचे आणि आवाज असा की आळीच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाला कळायचं. दिवाळीच्या सुमारास त्यांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. शब्द आत असायचा, पण दारापर्यंत येऊन अडकायचा. पहिला शब्दच निघायचा नाही.

त्यांना घेऊन आली त्यांची बायको, फिलोमिना आंटी. आळीत तिला फिलू म्हणतात. खुर्चीवर बसता बसताच तिने तक्रार मांडली. "मॅडम, हा नाटक करतो."

"असं का म्हणता?"

"पानी पाहिजे तर बोलता येत नाय. भूक लागली तर बोलता येत नाय. आनि संध्याकाळी रोझरीला मी सुरुवात केली की पुढची अर्धी धडाधड म्हनतो. एक शब्द चुकत नाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "देवाची आई तोंडपाठ आहे, मॅडम. पोरांची आई आठवत नाय. सहा महिने झाले, ह्याने मला नावाने हाक मारली नाय."

अंकल खाली बघत होते. त्यांना सगळं कळत होतं, हेच वाईट होतं.

रोझरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. येशूच्या आईला, मारियेला, केलेली माळेची प्रार्थना. पुढे असणारा 'नमो मारिये' म्हणून सुरुवात करतो आणि अर्धी प्रार्थना म्हणतो, उरलेली अर्धी बाकीचे सगळे मिळून म्हणतात. असं मणी सरकवत पुढे जायचं. लहानपणापासून रोज म्हटलेलं. मी आंटीला सांगितलं की हे नाटक नाही. रोजच्या सवयीची प्रार्थना मेंदूत एका जागी असते, आणि स्वतः ठरवून बोलणं दुसऱ्या जागी. पहिली जागा वाचली आहे. कोणी सुरुवात करून दिली की अंकल पुढे जाऊ शकतात. स्वतः सुरुवात करता येत नाही, एवढंच.

आंटीने खुर्ची जवळ ओढली. मग अंकलकडे बघून त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाली. ती बोली मला पूर्ण कळत नाही, पण माफी मागितल्याचं कळलं.

* * *

मग मी तिला युक्ती शिकवली. वाक्याची सुरुवात तुम्ही करायची, शेवट त्यांना करू द्यायचा. त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची, पहिला शब्द द्यायचा आणि थांबायचं. तोंडाकडे बघायचं. घाई करायची नाही, आपण वाक्य पूर्ण करायचं नाही. "रोझरी म्हणता तशीच," मी म्हटलं.

"म्हंजे चहाची रोझरी," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरात चहाची, आंघोळीची, औषधाची रोझरी सुरू झाली. "चहात घालू…" आणि मनगटावर दोन बोटं. बऱ्याच वेळाने अंकल म्हणायचे, "साखर."

माझ्याकडे चित्रांची कार्डं आहेत. त्यात सफरचंद आहे, विमान आहे, जिराफ आहे. आंटीने ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "ह्यातलं आमच्याकडे काय पन नाय." पुढच्या वेळी ती घरून टोपली घेऊन आली. नारळ, कोयता, मोगऱ्याच्या कळ्या, आणि कागदात गुंडाळलेले सुके बोंबील.

बोंबलावर अंकल चांगलेच खुलले. सेशन फार छान झालं. फक्त माझ्या केबिनला खिडकी नाही आणि एसी तीच हवा फिरवतो. पुढची अपॉइंटमेंट होती ती शुद्ध शाकाहारी कुटुंबाची. ते दारातूनच परत फिरले. सायली नाकाला ओढणी लावून आली आणि म्हणाली, "आज अरोमा थेरपी होती का?"

अंकल हसले. त्यांना मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

* * *

आणि एप्रिलअखेर फिलू आंटीनेही तेच विचारलं. "मॅडम, मे महिना सुट्टी घेऊ का? मसाला करायचाय, सुकी मासळी भरायचीय, लग्नं आहेत. पोरगी वर्षाची साठलेली सुट्टी काढून कुवेतवरून येतेय."

मी माझं नेहमीचं भाषण सुरू करणार होते. पण ती उठली नव्हती, म्हणजे अजून काहीतरी होतं. मग तिने खरं ते सांगितलं.

मे महिनाभर आळीतल्या क्रुसासमोर रोज संध्याकाळी रोझरी होते. रोज एका घराची पाळी, त्या घराने प्रार्थना पुढे चालवायची आणि शेवटी उकडलेले चणे वाटायचे. शेवटचा दिवस डॉमनिक अंकलच्या घराचा, वडिलांपासून. क्रूस त्यांच्या दारासमोरच आहे. इतकी वर्षं अंकल पुढे उभे राहून प्रार्थना चालवायचे. झटका आल्यापासून ते संध्याकाळी बाहेर येत नव्हते. खिडकीच्या आत, दिवा न लावता बसायचे.

"लोकांसमोर तोंड उघडलं आनि काय आलं नाय तर, म्हनून भितो," ती म्हणाली. "मला त्याचं बोलनं नको, मॅडम. त्या दिवशी मी चालवीन सगळं. पन त्याने बाहेर येऊन खुर्चीवर बसावं. आपल्या घराच्या पाळीला मानूस आत अंधारात, हे मला बघवनार नाय."

मी म्हटलं, "मग सुट्टी घेऊच नका. मसाला पण करू आणि हे पण करू."

मला तेव्हा खात्री वगैरे काही नव्हती. फक्त इतकं कळत होतं, की घर भरलेलं, पोरगी आलेली, दारात दिवसभर माणसं. बोलायची कारणं वर्षभरात इतकी पुन्हा मिळणार नाहीत.

* * *

मसाल्याचं काम सायलीने अंगावर घेतलं. लुळ्या हाताच्या बोटांना व्यायाम म्हणून तिने अंकलना मिरच्यांची देठं काढायला बसवलं. आंटी खूश. आतापर्यंत आयुष्यात नवऱ्याने मसाल्याला हात लावला नव्हता, तो डॉक्टरच्या ऑर्डरने लावला.

एका दुपारी माझा फोन वाजला. आंटी ओरडत होती, "मॅडम, बोलला! स्वतःहून बोलला! मी काय पन सुरू केलं नाय!"

"काय बोलले?"

मागून अंकलचाच आवाज आला. "पानी! पानी!"

मिरचीचा हात डोळ्याला लागला होता. ते पाणी मागत होते आणि बायको मला आनंदाची बातमी देत होती. मी म्हटलं, "आंटी, आधी पाणी द्या."

पण पुढचे काही दिवस पुन्हा स्वतःहून काहीच नाही. आंटीचा चेहरा पडला. मीही खट्टू झाले होते, तिला दाखवलं नाही. मी तिला समजावलं, की आग होते म्हणून ओरडणं वेगळं आणि मनात आलं म्हणून बोलणं वेगळं. ओरडणं शरीर करतं. बोलायला धीर लागतो.

"धीर तुमच्या कार्डांनी येतो का?" तिने विचारलं. नाही येत, हे तिलाही माहीत होतं.

* * *

शाळा बंद असल्यामुळे मुलंही सकाळीच यायची, आणि अंकलची वेळ सकाळची. बाकड्यावर अंकलच्या शेजारी गोखिवऱ्याची स्वरा बसायची. पाच वर्षांची. घरी भरपूर बोलते, बाहेर कोणासमोर ओठ हलवत नाही. अंकल आणि ती, दोघांचं पटकन जमलं. दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला "बोल ना, बोल ना" म्हणत नव्हतं. ठोकळे एकमेकांकडे सरकवत बसायचे.

स्वराच्या आईला ते फारसं पसंत नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, ते स्वतःच बोलत नाहीत. ती त्यांच्याकडून काय शिकणार?" मी म्हटलं बघू.

त्या आठवड्यात लाइट गेली. मे महिन्यात आमच्याकडे लाइट जाणं ही बातमी नाही. पंखा थांबला, एसी थांबला, सगळे वर्तमानपत्राने वारा घेत बसले. सायलीने दार उघडलं तर बाहेरून आणखी गरम हवा आली. कोणाला बोलायचंही त्राण नव्हतं.

बऱ्याच वेळाने पंखा कुरकुरला. आणि वसईतल्या कुठल्याही बिल्डिंगमधली मुलं करतात तेच झालं. वरच्या सगळ्या मजल्यांवरून एकदम आवाज आला, "आलीऽऽ!" त्या आवाजात दोन आवाज आमच्या बाकड्यावरून गेले. एक बारीक आणि एक घोगरा.

स्वराने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. अंकलनीही ठेवला. मग दोघांनी एकमेकांकडे चोर पकडल्यासारखं पाहिलं. स्वराची आई काही बोलणार होती. मी मानेनेच नको म्हटलं, आणि ती थांबली. त्या थांबण्याबद्दल मला तिचं आजही कौतुक वाटतं, कारण बोलणाऱ्या माणसाला गप्प राहणं फार जड जातं.

* * *

एकतीस मेला संध्याकाळी मी त्यांच्या आळीत गेले. आंटीने चणे खायला बोलावलं होतं. क्रुसाला लाइटच्या माळा होत्या आणि अंकलच्या वाडीतल्या मोगऱ्याचे हार. आळीतली माणसं प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन जमली होती. सगळ्यात पुढे दोन खुर्च्या रिकाम्या.

आंटी बाहेर आली, नवीन साडी, हातात माळ. तिच्यामागे दारात लेक, आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून अंकल. इस्त्रीचा पांढरा शर्ट. पायरीवर ते थांबले. आळीतल्या कोणी "या या" केलं नाही, कोणी उठून धरायला गेलं नाही. आंटीने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं असावं. अंकल हळूहळू एकेक पायरी उतरले आणि येऊन खुर्चीवर बसले.

मला वाटलं, झालं. जे हवं होतं ते झालं.

आंटी त्यांच्या शेजारच्या खुर्चीपाशी उभी राहिली. तिने माळेचा पहिला मणी धरला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिने खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं, क्रुसाकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि तिला शब्दच फुटेना. पुन्हा तोंड उघडलं. इतके दिवस रोज सगळ्याची सुरुवात करून देणारी बाई, तिचाच पहिला शब्द अडकला होता.

मागे कोणीतरी तिच्या वतीने सुरुवात करायला श्वास घेतला, पण लेकीने मागे वळून पाहिलं आणि तो श्वास तसाच राहिला.

तेव्हा डॉमनिक अंकलनी डावा हात उचलला आणि दोन बोटं तिच्या मनगटावर ठेवली.

"फिलू," ते म्हणाले. "नमो…"

आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबले.